भंगारातली बुलेट रस्त्यावर आणताना

जालना जिल्ह्यात जुन्या लोखंडाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. जालना शहरातल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि सळया होऊन बाहेर पडते. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या जांब समर्थसारख्या गावातही भंगारवाला येतो. त्याच्या काट्यावर मोडकी सायकल, जळालेली पाण्याची मोटार, झिजलेला फाळ यांच्याबरोबर कधीतरी एखादी बुलेटही चढते. गोठ्यामागे दहा-पंधरा वर्षे पडलेली, सीट उंदरांनी खाल्लेली, टाकी गंजून आरपार झालेली. नेमकी ती पाहून आपल्या वस्तीतला एखादा तरुण म्हणतो, "किलोवर नका देऊ, मला द्या. मी तिला उभी करतो."

या इच्छेला हसू नये. एकेकाळी गावात बुलेटचा आवाज आला की फौजदार आला किंवा मोठा बागायतदार आला, असे लोक समजत. ज्यांच्या आजोबांना गावातून जाताना पायातली चप्पल हातात घ्यावी लागली, त्यांच्या नातवाला ती गाडी आपल्या दारात उभी असावी असे वाटले तर त्यात गैर काय? मात्र इच्छा रास्त असली तरी घरखर्च तोच राहतो. ऊसतोडीची उचल, बचत गटातून आईच्या नावावर काढलेले कर्ज, नाहीतर बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले चार पैसे, यांतून गाडी उभी राहणार असेल तर ती घराला खाली बसवील. कमी पैशात आणि नवशिक्या हाताने हे काम कसे करता येते, ते येथे मांडले आहे.

बुलेटच का?

नवशिक्यासाठी जुनी बुलेट इतर जुन्या गाड्यांपेक्षा सोयीची, याला कारण तिचा इतिहास आहे. ही गाडी मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची. भारत सरकारने सीमेवरील सैन्यासाठी ३५० सीसीच्या आठशे बुलेट मागविल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. पुढे सगळे भाग येथेच बनू लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. तिचे ओतीव लोखंडी सिलिंडरचे जुने इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत फारसे न बदलता निघत होते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी.

याचा फायदा गरिबाला होतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला लागणारा पिस्टन, क्लच प्लेट, केबल, ब्रेक शू आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोल बागेत या मालाची मोठी बाजारपेठ आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे दुकानदार तिकडून माल मागवून देतात. येझदी हीही देखणी, दमदार गाडी. पण तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे तिचा अस्सल भाग मिळवायला वणवण करावी लागते. राजदूतची गतही तीच. भाग मिळेल तीच गाडी घ्यावी, हा पहिला नियम.

आधी कागद, मग गाडी

गाडी पाहायला जाताना पाना नंतर न्या, कागद-पेन्सिल आधी न्या. मानेवरचा चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर घासून स्वच्छ करा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. नंबर खरवडलेला दिसला किंवा एखादा आकडा जुळला नाही, तर गाडी फुकट मिळाली तरी नको. चोरीच्या गाडीचा जाब शेवटी ती ज्याच्या दारात सापडते त्यालाच द्यावा लागतो.

बहुतेक जुन्या गाड्या मूळ मालकाच्या नावावर असतात आणि तो मालक हयात नसतो. अशा वेळी वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ आहे. वारसाने आधी ते करून घ्यावे, मग फॉर्म २९ आणि ३० भरून आपल्या नावावर घ्यावी. सरकारी लिलावातून घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२ लागतो, आरसी बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या गाड्यांची नोंद तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात सापडेल. तेथपर्यंत हेलपाटा घालावा लागला तरी तो गाडी घेण्यापूर्वी घालावा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. मोटारसायकलची ही फी १ एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून एक हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी ती दोन हजार करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. मुदत संपून वर्षे लोटली असतील तर उशिराचा भरणाही निघतो. हा सारा आकडा आरटीओ कार्यालयात स्वतः विचारून कागदावर लिहून घ्यावा आणि गाडीच्या किमतीत मिळवावा. पाच हजारांत मिळालेली गाडी खरोखर केवढ्याला पडते, ते तेव्हा कळते. पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळते. पण तिची फी वीस हजार आणि अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. तो मार्ग आपला नव्हे.

एक वही करा

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर खर्च. बस भाड्यापासून ग्रीसच्या डबीपर्यंत सर्व लिहा. जवळचे पैसे शंभर भाग धरले, तर साधारण चाळीस इंजिनाला, पंचवीस ब्रेक-टायर-चेनला, दहा वायरिंगला, दहा रंग-सीटला आणि पंधरा न कळलेल्या दुखण्यासाठी राखून ठेवा. जुन्या गाडीत न कळलेले दुखणे हमखास निघते. त्या महिन्याचे पैसे संपले की काम थांबवा. पोत्याखाली झाकलेली गाडी व्याज मागत नाही.

१४ एप्रिलच्या रॅलीत गाडी काढायचीच, असा हट्ट धरून जानेवारीत काम सुरू करणारी मुले दरवर्षी दिसतात. मार्च आला की घाई होते, घाईत उसनवारी होते आणि इंजिन अर्धवट असताना टाकीवर रंग चढतो. रॅली एका दिवसाची असते, हप्ता वर्षभराचा. ही जयंती पायी करा, पुढच्या जयंतीला गाडी न्या.

इंजिन ऐका, मग खोला

जुन्या बुलेटचे बरेच नटबोल्ट इंची मापाचे आहेत. हल्लीचा मिलिमीटरचा पाना लावला की डोके गोल होते आणि पाच मिनिटांचे काम वेल्डिंगवाल्याकडे जाते. म्हणून इंची पान्यांचा जुना संच आधी मिळवा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या आणि नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी टाकून ठेवा. या कामात घरातली शाळकरी मुलगी सर्वांत भरवशाची. तिला पाना धरायलाही द्या.

किक हलत नसेल तर हातोडा घेऊ नका. प्लग काढून त्या भोकातून थोडे ऑईल सोडा, तीन-चार दिवस मुरू द्या, मग मागचे चाक गिअरमध्ये हळूहळू फिरवून पाहा. पिस्टन सुटला की पुढची पायरी ठिणगीची. प्लग वायरला लावून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना जवळपास पेट्रोल उघडे नको. ठिणगी नसेल तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. मग कंडेन्सर आणि कॉइल पाहा. 'इंजिन गेले' म्हणून विकलेल्या गाडीत पुष्कळदा एवढेच बिघडलेले असते.

टाकीत गंज असेल तर बारीक खडी आणि पाणी घालून खळखळवा, धुऊन उन्हात वाळवा. टाकीला भोक असेल तर ती घरी किंवा चुलीजवळ आणू नका आणि स्वतः डाग देऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते आणि ती बॉम्बसारखी उडते. पेट्रोलची रबरी नळी नवीनच घाला. आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते.

इंजिन सुरू झाले, पण निळा धूर ओकत असेल आणि किकला दम नसेल, तर रिंगा-पिस्टन झिजले. येथे मात्र लेथवाल्याकडे जावे. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणे हे मापाचे काम आहे, घरी होत नाही. पण खोलणे, धुणे, नेणे-आणणे तुम्ही केले तर मजुरी निम्म्यावर येते. तेलाचे भान ठेवा: इंजिन, क्लचची पेटी आणि गिअर बॉक्स यांची तीन तेले तीन ठिकाणी असतात. इंजिन प्रथम सुरू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करा. तेल पाझरले तर पंप चालू आहे. नाही पाझरले तर लगेच बंद करा. नव्या पिस्टनवर पहिले पाचशे किलोमीटर गाडी सावकाश चालवा.

किक मारण्याचीही रीत आहे. हेडलाइटजवळच्या अॅमिटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबा, डिकॉम्प्रेसर ओढून किंचित पुढे न्या, तो सोडा, मग पूर्ण किक. ही रीत न पाळता आंधळी किक मारली तर ती उलटते आणि पाय मोडतो.

थांबता आले पाहिजे

दीडशे किलोच्या वर वजनाची गाडी पळवणे सोपे, थांबवणे अवघड. ब्रेक शू, केबल, टायर, ट्यूब आणि चाकाची बेअरिंगे जुनी ठेवून पैसे वाचवू नका. भंगारातून आणलेला टायर वरून चांगला दिसतो, आतून त्याचे धागे तुटलेले असतात.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या गाड्यांत नेमके उलट. स्प्लेंडरवर शिकलेला मुलगा घाबरला की त्याचा उजवा पाय ब्रेक म्हणून गिअरवर पडतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून मोकळ्या मैदानात किमान आठवडाभर सराव करावा. तोपर्यंत मागे कोणालाही बसवू नये आणि डोक्यावर हेल्मेट असावे. आईवडिलांनी या एका बाबतीत कठोर व्हावे.

रंग शेवटी

गाडी महिनाभर चालून तिचे दुखणे कळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. रंगानंतर इंजिन पुन्हा काढावे लागले की ओरखडे पडतात आणि तोच खर्च दुसऱ्यांदा येतो. घासणे, लांबी भरणे, प्रायमर मारणे ही कामे अंगणात होतात; शेवटचा हात तेवढा पेंटरकडून घ्यावा. आरसी बुकात जो रंग लिहिला आहे तोच ठेवला तर नोंद बदलण्याचा हेलपाटा वाचतो. सायलेन्सर फोडून फटफट वाढवणे हा गुन्हा आहे, आणि त्या आवाजाने झोपडीतले तान्हे मूल आणि अंथरुणावरची म्हातारीच आधी दचकून उठते. चांगल्या बांधलेल्या बुलेटचा ठोका मुळातच ऐकण्यासारखा असतो.

वहीत न लिहिलेली जमा

हे काम सहा महिने चालेल, कदाचित वर्ष. वहीची शेवटची बेरीज कधी कधी बाजारातल्या चालू बुलेटच्या किमतीजवळ जाते. मग मिळवले काय, असा प्रश्न घरातली माणसे विचारतील. ज्याने एक इंजिन स्वतः खोलून, धुऊन, पुन्हा बांधून सुरू केले, त्याला शेतातली पाण्याची मोटार, फवारणी पंप, शेजाऱ्याची मोपेड यांची भीती राहत नाही. दहावी झालेल्या मुला-मुलींसाठी शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथे असा हात घेऊन जाणारा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून पुढे असतो. वस्तीतल्या चार-पाच मुलांनी मिळून एकच गाडी घ्यावी, इंची पान्यांचा एकच संच घ्यावा, वही एका मुलीच्या हाती द्यावी आणि रविवारी काम करावे. मात्र आरसी बुक कोणाच्या नावावर राहील आणि गाडी विकली तर वाटा कसा, हे पहिल्याच पानावर लिहून सर्वांनी खाली सह्या कराव्यात.