दरिद्र्याची तीन घरे

'अत्यंत गरीब माणूस, तीन अक्षरे.' शब्दकोड्यातली ही सूचना मोठ्याने वाचली की घरात एकच गलका होतो. बाबा म्हणतात 'कंगाल', आई म्हणते 'निर्धन', आजी 'दरिद्री' म्हणून मोकळी होते, आणि चिरंजीवांना 'भणंग' आठवते. गंमत अशी की, चौघांचेही बरोबर! आपल्या कोड्यात जोडाक्षरालाही एकच घर लागते. तेव्हा चारही शब्द तीन घरांत चपखल बसतात. चार घरे असतील तर 'अकिंचन' आणि 'कफल्लक' आहेत, दोनच असतील तर 'रंक' आहे. दारिद्र्याच्या बाबतीत आपली भाषा मोठी श्रीमंत!

पण घरे सारखी असली तरी या शब्दांची कुळे निराळी आहेत. 'अकिंचन' म्हणजे ज्याच्यापाशी काही म्हणजे काहीच नाही. 'दरिद्र' शब्दाच्या मुळाशी धावण्याचा अर्थ आहे. वणवण फिरणारा तो दरिद्री. 'गरीब' अरबीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ परका, परमुलखातला. पैसा नसला की माणूस आपल्याच गावात परका होतो, हे त्या शब्दाला ठाऊक असावे!

एका सूचनेला अनेक उत्तरे, या अडचणीवर एके काळी मोठा धंदा चालला. समजा, सूचना आहे 'याची कीव येते'; पहिले घर कोरे, दुसऱ्यात 'न'. मग 'दीन' की 'हीन'? घरच्या कोड्यात उभा शब्द आडव्याचा निकाल लावतो. बक्षिसी कोड्यात मात्र चालकांनी आधीच ठरवलेले उत्तर तेच खरे. फी भरून, श्रीमंतीची स्वप्ने पाहत लोक अंदाज बांधत. अखेर १९५५ साली केंद्राने कायदा केला आणि महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना बंदी घातली. बंगलोरच्या एका साप्ताहिकातून मुंबई राज्यात पोचणाऱ्या कोड्यांवरून चमारबागवाला खटला गाजला. ही स्पर्धा बुद्धीची नव्हे, जुगाराची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरवले.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी कोडे जरूर सोडवा. त्याला फी नाही, आणि चुकलेच तर खोडरबर आहे. फक्त शब्द भरताना क्षणभर थांबा. कोड्यात दरिद्र्याला तीन घरे मिळतात; कोड्याबाहेर पुष्कळदा एकही नसते.