पिशवी काढल्यावर वजन का वाढते?

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे सरसकट ‘पिशवी काढणे’ म्हणतात. अशी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक भगिनी वर्ष-दीड वर्षाने दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते : ‘पिशवी काढली आणि अंग सुटलं.’ ब्लाउज दंडात बसत नाहीत, पोट पुढे आले, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. काहींना रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो आणि पुन्हा झोप लागत नाही. यावर शेजारपाजारचे निदानही तयार असते. पिशवीची जागा रिकामी झाली, आता तिथे चरबी भरणारच!

हा समज आधी दूर करू. निरोगी गर्भाशय हे मुठीएवढे, साधारण पेरूच्या आकाराचे असते. ते काढल्यावर पोटात पोकळी वगैरे राहत नाही. आतड्याची वेटोळी त्याच दिवशी त्या जागेत सरकतात. चरबी साठते ती पोटाच्या कातडीखाली आणि आतड्यांभोवतीच्या पडद्यात. तिचा गर्भाशयाच्या जागेशी काही संबंध नाही. शिवाय शरीराचा मेद, हाडे, झोप, त्वचा यांवर ज्या संप्रेरकांचा अंमल चालतो, ती गर्भाशयात तयार होत नाहीत. ती तयार होतात गर्भाशयाच्या दोन बाजूंना असलेल्या बीजांडकोशांत. डॉक्टर मंडळी त्यांना ‘ओव्हरी’ म्हणतात.

म्हणून वजनाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला विचारण्याचा पहिला प्रश्न असा : नुसते गर्भाशय काढले, की बीजांडकोशही काढले? आणि खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळ जणींना याचे उत्तर देता येत नाही. ‘सगळंच काढलं म्हणाले’ एवढेच त्या सांगतात. ही दोन ऑपरेशने दिसायला सारखी, टाके सारखे, बिलही बहुधा सारखेच; पण पुढच्या तीस वर्षांच्या आयुष्याच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी ऑपरेशने आहेत.

कार्ड काढून पाहा

रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड कपाटातून काढा. त्यावर ऑपरेशनचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेले असते. टी.ए.एच. म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढले, व्ही.एच. म्हणजे योनीमार्गातून काढले, टी.एल.एच. म्हणजे दुर्बिणीतून काढले. या अक्षरांच्या पुढे बी.एस.ओ. ही अक्षरे असतील, तर दोन्ही बाजूंचे बीजांडकोश व नलिका काढल्या आहेत असे समजावे. यू.एस.ओ. असेल तर एकाच बाजूचा. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट असेल तर त्यातही कोणकोणते अवयव पाठवले होते ते नोंदलेले असते.

कार्ड हरवले असल्यास रुग्णालयाकडे लेखी मागणी करावी. डॉक्टरांनी रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावीत आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावीत, असा नियम २००२ पासून आहे. त्याहून जुने ऑपरेशन असेल तर सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी यांवरून बराच अंदाज येतो. (हे सारे ऑपरेशनपूर्वीच विचारून घेतले तर उत्तम. ‘काढताय ते नेमकं काय काय?’ हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.)

बीजांडकोश शिल्लक असतील तर

पाळी येणार नाही, पण बीजांडकोशांचे काम चालू राहते. संप्रेरकांच्या दृष्टीने अशा स्त्रीची पाळी ‘गेलेली’ नसते. मात्र गर्भाशयाबरोबर बीजांडकोशांचा काही रक्तपुरवठाही कमी होत असल्याने त्यांचे काम इतर स्त्रियांपेक्षा थोडे लवकर थांबण्याचा संभव असतो. पाळीच येत नसल्याने ते केव्हा थांबले हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे चाळिशीच्या आसपास अंगातून वाफा येणे, झोप उडणे, विनाकारण चिडचिड, योनीमार्ग कोरडा पडणे अशी लक्षणे दिसू लागली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

वजनाचे म्हणाल, तर अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीजांडकोश राखून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी सुमारे १.४ किलोने वाढले. ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांचे ०.६ किलोने वाढले. फरक आहे, नाही असे नाही; पण तो पाऊण किलोच्या घरातला आहे. मग आपल्याकडे वर्षभरात आठ-दहा किलो वाढतात ते कोठून येतात? त्याकडे पुढे येऊच.

दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर

येथे प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. आपल्या देशात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ आहे. नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही वर्षांत हळूहळू उतरत जाते आणि शरीराला सवय करून घ्यायला अवधी मिळतो. बीजांडकोश काढल्यावर हेच उतरणे दोन-चार दिवसांत घडते. वाफा जोरात येतात. मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे वळते, स्नायू सैलावतात. हे डोळ्यांना दिसते. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशी, की पहिल्या काही वर्षांत हाडांतील कॅल्शियम वेगाने कमी होते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीत बीजांडकोश काढलेल्या बाईच्या हाडांचे वय पुढे पळू लागते.

हे कोणा दूरदेशीच्या स्त्रियांचे वर्णन नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले, तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोयत्यावर गेलेल्या बाईचा एक दिवस बुडाला तर मुकादम खाडा कापतो. तेव्हा अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींवर ‘एकदाची पिशवीच काढून टाक’ हा सल्ला तिला सोयीचा वाटला तर नवल नाही. सल्ला देणाऱ्याने मात्र पुढचे सांगायला हवे होते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. परंतु ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले, त्यांच्या हाडांचा आणि संप्रेरकांचा पाठपुरावा कोणी करायचा? या भगिनींना मी तरी एवढेच सांगेन, की जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कार्ड घेऊन जा आणि बीजांडकोश आहेत की नाहीत ते विचारा.

संप्रेरकांच्या गोळ्यांची भीती

४५ वर्षांच्या आत दोन्ही बीजांडकोश काढलेल्या स्त्रीला, काही अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. येथे आपण औषधांची भर घालत नसून शरीरातून अकाली गेलेली वस्तू परत देत असतो. तरीही ‘त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो’ या भीतीने अनेक जणी, आणि काही डॉक्टरही, मागे सरतात.

या भीतीचे मूळ अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात आहे. त्याचा एक भाग २००२ साली मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. जगभर बातमी झाली. पण तो भाग गर्भाशय असलेल्या स्त्रियांचा होता आणि त्यांना दोन संप्रेरके एकत्र दिली जात होती. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. तो भाग २००४ मध्ये पक्षाघाताचे प्रमाण थोडे वाढल्याने थांबवला गेला. आणि या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. अडतीस वर्षांच्या बाईला हा हिशेब लावणे योग्य नव्हे.

गर्भाशय नसल्यामुळे बहुतेकींना एकटे इस्ट्रोजेन पुरते. ते गोळीच्या रूपात मिळते, तसेच कातडीला लावण्याच्या जेलमध्येही. जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी राहतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा यकृताचा आजार असेल तर हा उपचार बहुधा देत नाहीत. तेव्हा मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे हा प्रकार कटाक्षाने टाळावा. शतावरी घेण्यास हरकत नाही, पण ती इस्ट्रोजेनची जागा घेत नाही.

ज्यांना फक्त योनीमार्गाच्या कोरडेपणाचा किंवा वारंवार लघवीच्या जळजळीचा त्रास आहे, त्यांना तेवढ्या भागापुरते मलम मिळते. वैवाहिक संबंधात त्रास होतो हे सांगायला संकोच वाटतो, हे खरे. डॉक्टरांना हे रोजचे आहे, निःसंकोच सांगावे.

हेही सांगून ठेवते : इस्ट्रोजेनने वाफा थांबतील, झोप लागेल, हाडे टिकतील, वजन मात्र त्याने उतरत नाही आणि वाढतही नाही.

आता त्या आठ-दहा किलोंकडे

आपल्याकडे या ऑपरेशननंतर बाईची काळजी बाळंतिणीसारखी घेतात. माहेरून डिंकाचे लाडू येतात, सासूबाई तुपातला शिरा करून देतात, दुधात खारीक-खोबरे पडते. यामागचे प्रेम मोलाचे आहे. पण बाळंतीण अंगावर पाजत असते. दूध तयार करण्यात तिचे रोजचे पाचशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. येथे पाजायला बाळ नाही. मध्यम आकाराच्या एका डिंकाच्या लाडवात सुमारे २०० उष्मांक असतात. रोज दोन याप्रमाणे दीड महिन्यात १८ हजार उष्मांक झाले. ते खर्च झाले नाहीत तर दोन किलोंहून अधिक चरबी नुसत्या लाडवांची.

त्यात भर विश्रांतीची. जड उचलायचे नाही, हा सल्ला बरोबरच आहे. पोटावरच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसची टाकी, नातवंड यांतले काही उचलू नये. पण ‘उचलू नको’ याचा अर्थ ‘हलू नको’ असा घेतला जातो. दोन महिने पलंगावर काढले की मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि स्नायू हेच तर उष्मांक जाळणारे इंजिन. पुढे काम सुरू झाले तरी सुनेने नाहीतर मुलीने हाती घेतलेली कामे परत घ्यायची नाहीत, असा घरचा नियम होऊन बसतो.

तेव्हा दुसऱ्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत चालावे, आठवड्याने अंगणात, पुढे जमेल तसे वाढवत न्यावे. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी टाके तपासून परवानगी दिली की रोज अर्धा तास भरभर, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन दंड वर-खाली करणे, एवढ्यानेही सुरुवात होते. हाडांनाही याचाच उपयोग होतो. पोटाचा पट्टा आधारापुरता ठीक. त्याने चरबी जिरत नाही.

जेवणात उपासमार नको. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याने साबुदाण्याची खिचडी पाहिली असावी. शेंगदाणे, बटाटा, तूप मिळून उपासाचे ताट रोजच्या ताटापेक्षा जड होते. त्यापेक्षा ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडे किंवा मासे असा चौरस आहार दोन्ही वेळा घ्यावा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर धान्यांत ते फारच कमी. आणि चहा मोजावा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर झाली. ही चोरवाट अनेकींच्या लक्षातच येत नाही.

वजनकाट्यापेक्षा शिवणकामाची टेप अधिक खरे बोलते. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेला की मधुमेह आणि रक्तदाबाकडे लक्ष द्यावे. इतके करूनही वजन चढतच असेल, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. मी पाहिलेल्या कित्येक जणींचे खापर पिशवीवर फुटले होते आणि दोष निघाला थायरॉइडचा.

ज्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे त्यांनी वजनाची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. ताप येणे, टाक्यांतून पू येणे, अंगावरून पॅड भिजण्याइतके रक्त किंवा घाण वासाचे पाणी जाणे, एकच पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.