स्वस्त घर आणि नकाशावरची रेघ

चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत उभे आयुष्य काढलेल्या आपल्या माणसाची एकच इच्छा असते, निवृत्त होण्याआधी स्वतःचे घर व्हावे. प्रॉव्हिडंट फंड, पतपेढीचे कर्ज आणि बायकोचे दोन दागिने एकत्र करून तो शहराच्या कडेला घर शोधू लागतो. तिथे एजंट भेटतो. भाव बाजारापेक्षा कमी असतो. "मालकाला पैशाची नड आहे, आजच इसार द्या," असे सांगितले जाते. पुष्कळदा नड वगैरे काही नसते. विकास आराखड्यातला रस्ता त्या घरावरून जाणार असतो, आणि ते मालकाला ठाऊक असते.

वस्तीतली माणसे आमच्याकडे कागद घेऊन येतात, तेव्हा घरपट्टीची पावती आणि लाइट बिल पुढे ठेवतात. बांधवांनो, या कागदांवरून रस्ता कळत नाही. महापालिकेने कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. खरेदीखत नोंदले गेले म्हणजे जागा रस्त्यात नाही, असेही नाही. आणि नोटरीच्या कागदावर तर मालकीच येत नाही.

रस्ता कळतो तो नकाशावर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा जोडून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे अर्ज करावा, झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. गट नंबर आपलाच आहे ना, हे स्वतः पाहावे. जुन्या रस्त्याच्या रुंदीकरणाची रेषाही वेगळी विचारावी. वीस बाय तीसचा प्लॉट म्हणजे ६०० चौरस फूट. रुंदीकरणात पुढचे १० फूट गेले की ४०० उरतात, आणि त्यातही पुढे मोकळी जागा सोडावी लागते. मग घर बांधायचे कुठे?

"रेघ कधीची आहे, रस्ता काही होत नाही," असे म्हणणारेही भेटतात. रेघ म्हातारी होते, पण सहसा मरत नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा १९८७ चा आराखडा बदलून नवा मंजूर झाला तो २०१७ साली. म्हणजे तीस वर्षे लोक त्याच रेघांखाली राहिले.

आता ज्यांचे घर रस्त्यात येते त्यांच्याविषयी. अफवा उठली की एजंट येतो, "पालिका फुकटात घेईल, मिळेल त्यात विकून टाका," म्हणतो. घाबरून विकू नका. कागद पक्के असतील तर मोबदल्याचा हक्क आहे. तो रोख असू शकतो, किंवा टीडीआरच्या रूपाने. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या आणि बांधकामाच्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे. मात्र त्या कायद्याची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जागेचा व्यवहार करता येत नाही. तेव्हा घेणाऱ्याचा इसार अडकतो. आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई झाली नाही तर आरक्षण उठते. ही नोटीस वकिलाकडूनच द्यावी.

आपल्यातल्या काहींची घरे जुन्या महार वतनाच्या जमिनीवर आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण फेरदिलेल्या जमिनीचा सातबारा बहुधा वर्ग दोनचा असतो. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. रस्त्याची चाहूल लागताच कुलमुखत्यारपत्रावर आजोबांचे अंगठे घ्यायला येणाऱ्यांपासून सावध राहा. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, त्याची शेवटची जमीन तरी फसवणुकीत जाऊ नये.

विकणाऱ्यालाही एक सांगणे आहे. रस्ता लपवून घर विकणे हा व्यवहार नव्हे. घेणाऱ्याच्या सहज लक्षात न येणारा दोष सांगणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपण दर रविवारी विहारात पंचशील घेतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. घेणाराही कुणीतरी फंडाचे पैसे आणलेला कामगारच असतो. नकाशा दाखवून, भाव उतरवून, खरेदीखतात तसे लिहून घर विकता येते.

नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकतींसाठी ठराविक मुदत असते. ती गेली की पस्तावा उरतो. म्हणून प्रत्येक विहारात आपल्या प्रभागाचा नकाशा भिंतीवर लावावा, वंदनेनंतर शिकलेल्या मुलामुलींनी आपापले गट नंबर त्यात शोधून आयाबायांना दाखवावेत. इसाराची नोट खिशातून काढण्याआधी एवढे झाले, तर जन्माची पुंजी वाचेल.

जयभीम.