सारखे कष्ट, वेगळे माप

जपानी कामगार धन्याशी सहसा भांडत नाही, असे म्हणतात. परंतु अन्यायाचा सल त्याच्याही मनात असतोच. तेथील टपाल कंपनीत नववर्षदिनी शुभेच्छापत्रे घरोघर पोचविण्यासाठी कायम व कराराचे नोकर खांद्याला खांदा लावून राबत. त्या दिवसांचा विशेष भत्ता मात्र कायम नोकरांनाच मिळे. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद गैरवाजवी ठरविला.

दोनच दिवस आधी त्याच न्यायालयाने, टोकियोच्या भुयारी रेल्वेस्थानकांतील दुकानांवर सुमारे दहा वर्षे विक्री करणाऱ्या कराराच्या स्त्रियांना निवृत्तीची रक्कम नाकारली. कायम विक्रेत्यांवर बदलीची व इतर जबाबदारी अधिक, हे कारण. पाचांपैकी एका न्यायाधीशास तेही पटले नाही.

कमी वाटा मनुष्य एक वेळ सोसतो. कारण न सांगता दिलेला कमी वाटा त्यास सोसवत नाही. म्हणूनच, नोकराने विचारल्यास वेतनातील फरकाचे कारण धन्याने सांगावे, असे बंधन जपानच्या कायद्याने २०२० पासून घातले आहे.

वाचकहो, आपल्या शेतावर मजुरी वाटताना, दोघांस वेगळे माप देण्याचे कारण त्यांच्या तोंडावर आपणांस सांगता येईल काय? आम्हांस वाटते, न्यायाची पहिली परीक्षा हीच.