कॅमेऱ्याची बारीकसारीक सुखे

दसऱ्याला आमच्या घरी पूजेसाठी बरेच काही मांडले जाते. वडिलांची जुनी हातोडी आणि पकड, सौ.ची विळी आणि शिवणाची कात्री, नातीची पाटी, आणि या सगळ्यांच्या मधोमध माझा डीएसएलआर कॅमेरा. त्याला झेंडूचे फूल वाहून मी मनोभावे हात जोडतो, तेव्हा सौ. दरवर्षी न चुकता म्हणते, "एवढ्या भक्तीने देवाला तरी कधी हात जोडलेत का?"

यंदा दसऱ्याला माझा भाचा बंगळूरहून आला होता. पाटावरचा कॅमेरा पाहून त्याने कपाळाला हात लावला. "मामा, हे धूड अजून बाळगता? आता बिनआरशाचे मिररलेस कॅमेरे आले. तेही नको असतील, तर खिशात मोबाइल आहेच. विकून टाका, येतील तेवढे पैसे घ्या!"

भाच्याचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा मूळपुरुष १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियराने जुळवला. त्याचे चित्र अवघे ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे १९९१ मध्ये कोडॅकनेच निकॉनच्या एफ ३ या फिल्मच्या कॅमेऱ्याला डिजिटल आतडी बसवून डीएसएलआर बाजारात आणला. त्याची साठवणूक करणारी पेटी खांद्याला अडकवून हिंडावे लागे! २००३ साली कॅननने एक हजार डॉलरच्या आतला डीएसएलआर काढला आणि हे यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले. मात्र २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नवा बिनीचा डीएसएलआर काढलेला नाही. पेन्टॅक्सने तेवढा २०२३ मध्ये फक्त कृष्णधवल चित्रे टिपणारा एक डीएसएलआर आणून जुन्या भक्तांची लाज राखली. एकूण काय, या घराण्याची संध्याकाळ झाली आहे.

तरीही मी माझा कॅमेरा विकणार नाही. तो मी २००८ साली घेतला. मेगापिक्सेल फक्त १२. कंपनीचे नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. पण त्याच्या ज्या गोष्टी मला आवडतात, त्या दुकानदाराने मला कधी सांगितल्या नव्हत्या. त्या आज वाचकांना सांगतो. ज्यांचे पोट छायाचित्रणावर आहे त्यांनी हे पान खुशाल उलटावे. हे आपल्यासारख्या रविवारच्या हौशी मंडळींसाठी आहे.

पहिले सुख आरशाचे. भिंगातून आत आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आपटून वर जातो, पंचकोनी लोलकातून वळतो आणि आपल्या डोळ्याशी येतो. म्हणजे ज्या भिंगातून चित्र उमटायचे, त्याच भिंगातून आपण प्रत्यक्ष जग पाहतो. मधे पडदा नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांची वाट पाहत मी तास तास डोळा लावून बसलो आहे. बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. कळ दाबली की आरसा 'खटाक्' करून वर उडतो, झडप उघडते, आणि तेवढा क्षणभर आपल्याला अंधार दिसतो. गंमत अशी की, जो क्षण चित्रात राहिला, तोच नेमका छायाचित्रकाराला दिसलेला नसतो!

दुसरे सुख छिद्राच्या अग्रक्रमाचे. चकतीवर 'ए' किंवा 'एव्ही' अशी खूण असते. तिथे चकती आणून ठेवली की भिंगाचे छिद्र किती उघडायचे ते आपण ठरवायचे आणि झडपेचा वेळ कॅमेऱ्याने ठरवायचा. संसारात असावी तशी ही कामाची वाटणी आहे. आकडे मात्र उलटे: १.८ म्हणजे मोठे छिद्र, १६ म्हणजे बारीक. छिद्र मोठे केले की नातीचा चेहरा स्वच्छ आणि मागची दोरीवरची धुणी विरघळलेली. बारीक केले की कासच्या पठारावरचे पायाजवळचे फूलही स्पष्ट आणि दूरचा डोंगरही स्पष्ट. काही कॅमेऱ्यांना भिंगाशेजारी एक लहानशी कळ असते. ती दाबली की छिद्र आधीच तितके बारीक होते. दृश्य अंधारते खरे, पण मागचे काय स्पष्ट येणार आणि काय पुसट, हे चित्र काढण्यापूर्वीच कळते. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक ही कळ वर्षानुवर्षे न दाबता कॅमेरा वापरतात.

तिसरे सुख अधिक-उण्याच्या कळीचे. कॅमेरा हुशार असला तरी त्याचा एक समज पक्का असतो: जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र धोतरातले काका चौकटभर घेतले, तर धोतर आठवडाभर न धुतल्यासारखे येते. काळ्या कातळातले देऊळ घेतले, तर त्यावर राख फासल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला हे उलटे वाटते, पण एकदा करून पाहा. मात्र काम झाल्यावर आकडा परत शून्यावर आणायला विसरू नका. हा इशारा मी का देतो, ते पुढे येईलच.

चौथे सुख चाकाचे. ज्यातून पाहायचे त्या खिडकीच्या बाजूला एक इवलेसे चाक असते. मला आठ वर्षे वाटत होते की हे चाक चष्मेवाल्या माझ्यासाठीच आहे. माझा नंबर उणे दीड. चाक त्या मानाने फिरवून ठेवले की चष्मा काढून थेट पाहता येते. त्याचा चित्राशी काही संबंध नाही; खिडकीतल्या खुणा आपल्या डोळ्याला रेखीव दिसेपर्यंत ते फिरवायचे, इतकेच.

२०१६ च्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर मी सगळ्यांचे फोटो काढत होतो. आई तेव्हा ८७ वर्षांची होती. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तिला लांबचे छान दिसू लागले होते. ती एकाएकी म्हणाली, "अरे, तू सगळ्यांचे काढतोस, तुझा कोण काढतो? आण इकडे ते." मी पट्टा तिच्या गळ्यात अडकवला. ती डोळा लावून म्हणाली, "छे रे, सगळे धुके आहे. माझे डोळे पुन्हा गेले की काय?" तिचा आवाज एवढासा झाला होता. मी गडबडीने ते चाक फिरवत गेलो. फिरवता फिरवता ती ओरडली, "थांब! तुझ्या दाढीचे खुंट दिसायला लागले. सणाच्या दिवशी दाढी नाही का करायची?" आणि तिने कळ दाबली. 'खटाक्' ऐकून ती स्वतःच दचकली. त्या वर्षीच्या शेकडो फोटोंत माझा असा तो एकच आहे. चौकट थोडी तिरकी आहे आणि मी ओशाळून हसतो आहे.

आता पाचवे सुख. त्याला 'रॉ' म्हणतात, म्हणजे कच्चे. कॅमेरा नेहमी जी जेपेग चित्रे देतो ती शिजवलेली भाजी असते. मीठ कमी-जास्त झाले तर फारसे काही करता येत नाही. रॉ म्हणजे निवडून चिरून ठेवलेली भाजी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये प्रकाशाच्या ४०९६. अंधारातही बरेच काही शिल्लक असते ते यामुळेच. फाइल मोठी होते आणि नंतर संगणकावर बसावे लागते, म्हणून पुष्कळ जण टाळतात. मीही केवळ हौसेपोटी दोन्ही प्रकार साठवून ठेवत असे.

त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आई उंबऱ्यापाशी वाकून पणती लावत होती. उजेड खालून तिच्या चेहऱ्यावर आला होता. मी कळ दाबली. पाठीमागच्या पडद्यावर पाहतो तर काळोख आणि त्यात ज्योतीचा एक ठिपका! आदल्या रात्री आकाशकंदिलाचा फोटो काढताना मी उणे दोनवर नेलेला आकडा तसाच राहिला होता. तोवर ती उठून आत गेली होती. तिला पुन्हा वाकायला लावणे जिवावर आले. म्हटले, पुढच्या वर्षी काढू.

पुढच्या माघात आई गेली.

भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तेव्हा आमचे डोळे उघडले. मोबाइलमधल्या चित्रांत ती कुठे कोपऱ्यात, कुठे हललेली. सरकारी ओळखपत्रावरची आई तर आमची कोणालाच ओळखू येईना. घरात एवढा हौशी छायाचित्रकार, आणि आईचा धड एक फोटो नाही! शेवटी त्या काळ्या चित्राची रॉ फाइल मी संगणकावर उघडली आणि उजेडाची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवत गेलो. आधी पदराची किनार आली, मग हात, मग कपाळ, मग ज्योतीकडे लावलेले डोळे. चित्रावर बारीक कण दिसतात, नाही असे नाही. पण ती आई आहे. सौ. मागे येऊन कधी उभी राहिली, ते मला कळले नाही.

तेव्हापासून दिवाणखान्यात दोन फोटो शेजारी शेजारी आहेत: मी काढलेला आईचा आणि आईने काढलेला माझा.

वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोळावर बारा फोटो. ते आधी आम्हाला नीट उभे करत, मग सूर्य कुठे आहे ते पाहत, आणि तेराव्याची सोय नाही हे जाणून कळ दाबत. माझ्या कार्डावर हजारो फोटो मावतात. म्हणूनच डोळा लावणे, छिद्र ठरवणे, अधिक-उणे पाहणे ही छोटी छोटी कामे मला अडचण वाटत नाहीत. तेवढा वेळ तरी मी समोरच्या माणसाकडे नीट पाहतो.

ज्यांना हे वाचून हौस वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लोक आज डीएसएलआर विकत आहेत, तेव्हा जुना घेणे हा तोट्याचा सौदा नाही. घेताना भिंग उजेडात धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहा. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. झडप किती वेळा उघडली त्याचा आकडा विचारा. बरोबर ५० मिलिमीटरचे १.८ छिद्राचे साधे भिंग घ्या. ते स्वस्त असते आणि पणतीच्या उजेडातही काम देते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

दसऱ्याच्या संध्याकाळी भाचा निघण्याआधी म्हणाला, "मामा, तुम्ही दोघे आजीच्या फोटोखाली उभे राहा. तुमच्या त्या धुडानेच काढतो." डोळा लावून तो पुटपुटला, "हे तर सगळे धूसर दिसतेय. बिघडला वाटते!"

मी पुढे होऊन ते इवलेसे चाक फिरवू लागलो. "कुठे स्पष्ट दिसते ते सांग."

"थांबा," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने कळ दाबलीच नाही. तो आमच्याकडे पाहत होता की आमच्या डोक्यावरच्या भिंतीकडे, ते मला कळले नाही. मग 'खटाक्' झाले.

कॅमेरा तो बंगळूरला घेऊन गेला आहे. दिवाळीला परत आणतो म्हणाला. सौ. म्हणते, "आता विसरा!"