मालगुजार गेले, निस्तार उरला

नागपूरच्या मराठी दैनिकातली जमीनखरेदीची जाहीर सूचना वाचून पाहा. ‘मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा नं. अमुक, तहसील काटोल, जिल्हा नागपूर.’ पुण्या-साताऱ्याकडचा वाचक इथेच अडखळतो. त्याच्या सवयीचे शब्द म्हणजे गट नंबर, तालुका आणि तलाठी. काटोलचा संत्रा बागायतदार मात्र पटवाऱ्याकडे जातो. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. ‘हलका’ मूळचा अरबी, अर्थ वर्तुळ. एका पटवाऱ्याकडे सोपवलेल्या गावांचा तो घेर. २०२४ साली शासनाने तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. बागायतदाराच्या तोंडी तो अजून पटवारीच आहे.

हा फरक बोलीचा वाटला तरी त्यामागे राजवटींचा इतिहास आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये औरस पुत्राविना वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये होरेस विल्सनचा हिंदुस्थानातल्या न्यायालयीन आणि महसुली शब्दांचा जाडजूड कोश छापून आला. जिंकलेला मुलुख चालवायचा तर त्याचे शब्द कळायला हवेत, हे इंग्रजांनी ओळखलं होतं.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि काटोल त्यात राहिलं. मुंबई इलाख्यात सरकार थेट रयतेकडून सारा घेई. इथे मध्ये मालगुजार होता. फारसीत ‘गुजार’ म्हणजे अदा करणारा. मालगुजार म्हणजे महसूल भरणारा. शब्दात मालकीचा मागमूस नाही. पण १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी या महसूल भरणाऱ्यालाच गावाचे मालकी हक्क बहाल केले. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र सरकारी शिक्क्याने बदलला.

स्वातंत्र्यानंतर मालकी हक्क रद्द करणारा १९५० चा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. मालगुजाराकडे उरली ती घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकाश्त. खुद म्हणजे स्वतः, काश्त म्हणजे लागवड. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने कसणाऱ्यांसाठी दोन नवी, संस्कृत वळणाची नावं आणली: भूमिस्वामी आणि भूमिधारी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, तरी महसुलाची ही भाषा टिकली. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली, तेव्हा कालचा निर्बंधमुक्त ‘स्वामी’ सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ झाला आणि भूमिधारी वर्ग २ मध्ये गेला. स्वामीचा भोगवटादार होणं ऐकायला पायउतार वाटतं, पण विक्रीचा त्याचा हक्क अबाधित होता.

याच संहितेत एक प्रकरण फक्त विदर्भासाठी आहे. कलम १६१ मध्ये ‘निस्तार पत्रक’ आहे आणि कलम १६५ मध्ये ‘वाजिब-उल-अर्ज’. ‘निस्तार’ संस्कृतातून आलेला, अर्थ पार पडणं, निभावणं. गावकऱ्यांचा रोजचा संसार निभावा म्हणून पडीक सरकारी जमिनीत गुरं कुठे चरतील, सरपण, मुरूम, माती, दगड कोणत्या अटींवर आणता येतील, हे या पत्रकात लिहिलेलं असतं. ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणजे मांडण्याजोगी, रास्त गोष्ट. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीत आणि पाण्यात गावाची रीत काय, पाणी कोणाच्या शेतातून जातं, वाट कुठून आहे, मासे कोण धरतं, त्याची ही नोंद.

संत्र्याच्या मुलखात हा कोरडा कागद उरत नाही. उन्हाळ्यात आंबिया बहाराची फळं झाडावर असतात आणि पाण्याची पाळी चुकून चालत नाही. वरच्या शेतातून येणारा पाट किंवा पांधण कोणी बंद केली, तर ‘आजोबांपासून इथूनच जातो’ एवढ्यावर भागत नाही. त्या रिवाजाची नोंद असेल, तर हाती पुरावा येतो.

जुने शब्द कायद्यात असे रुतून बसणं जगभर घडलं आहे. ‘मॉर्गेज’ हा इंग्रजांचा रोजच्या वापरातला शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, अर्थ ‘मृत तारण’. आपल्याकडे शिवरायांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी वकील, दावा, फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल कोर्टात तसेच राहिले. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरली. ती भाषा व्यवहारात येते, ती या शब्दांना सोबत घेऊनच.

विदर्भात शेत घेणारा माणूस सातबारा आणि फेरफार बघतो आणि थांबतो. त्याने गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही मागून घ्यावं. बागेला पाणी आणि वाट कुठून मिळणार, हे सौद्याच्या इसारपावतीआधी कळलेलं बरं.