बातमी सांगणारी माणसं : ५ – आधी शहानिशा, मग आवाज

सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीसाठी एडवर्ड मरो यांनी माणसं कशी जमवली, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यातला एक जण मात्र त्यांना पहिल्या खेपेला सापडला नव्हता. १९४३ मध्ये लंडनमध्ये वॉल्टर क्रॉन्काइट यांनी मरो यांना आधी होकार दिला आणि नंतर शब्द फिरवला. युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पगार वाढवला, हे निमित्त. पण वृत्तसंस्थेची नोकरी त्यांना मनापासून आवडत होती, हेही तितकंच खरं. शेवटी १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले. १९६२ ते १९८१ एवढा काळ अमेरिकेतली असंख्य घरं संध्याकाळच्या बातम्या त्यांच्या तोंडून ऐकत होती.

या माणसात काय होतं? देखणेपण बेताचंच. मिशी, जाड आवाज, काळ्या फ्रेमचा चष्मा. बोलणं मुद्दाम संथ ठेवलेलं: सर्वसाधारण अमेरिकन माणूस मिनिटाला १६५ च्या आसपास शब्द बोलतो, क्रॉन्काइट यांनी स्वतःला १२४ ची सवय लावून घेतली होती. पण नुसत्या संथपणावर कोणी विश्वास ठेवत नाही. खरी गोष्ट त्यांच्या तरुणपणात सापडते.

टेक्सास विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून ते बातमीदारीत आले आणि काही काळ कॅन्सस सिटीतल्या एका रेडिओ केंद्रावर होते. एके दिवशी कार्यक्रम व्यवस्थापकाच्या बायकोचा फोन आला, की मोठी आग लागलीय, तीन जवान उडी मारताना गेले. व्यवस्थापक म्हणाला, लगेच बातमी द्या. क्रॉन्काइट म्हणाले, आधी अग्निशमन दलाला विचारतो. ‘माझी बायको सांगते, ते पुरेसं नाही का?’ असा एकूण सूर होता. साहेब स्वतःच माइकवर गेले आणि बातमी देऊन मोकळे झाले. आग किरकोळ निघाली, मेलं कोणीच नव्हतं. नोकरी मात्र क्रॉन्काइट यांची गेली! आत्मचरित्रात त्यांनी हा किस्सा चवीने सांगितला आहे.

आता २२ नोव्हेंबर १९६३. केनेडींवर गोळीबार झाल्याची तार आली, तेव्हा सीबीएसवर दुपारची मालिका चालू होती. स्टुडिओतला कॅमेरा त्या काळी तापून तयार व्हायला वेळ घेई. त्यामुळे पडद्यावर नुसती पाटी आणि मागून क्रॉन्काइट यांचा आवाज, अशी ती पहिली बातमी गेली. चेहरा दिसू लागला तो नंतर. मग सुरू झाली अवघड मिनिटं. डॅलसच्या स्थानिक केंद्राचा बातमीदार सांगत होता, राष्ट्राध्यक्ष गेले. सीबीएसचे डॅन रादर यांच्याकडूनही तेच आलं. रेडिओने तर सांगूनही टाकलं. क्रॉन्काइट प्रेक्षकांना या खबरा देत राहिले, पण दर वेळी जोडत राहिले, की अधिकृत दुजोरा नाही. मग हातात कागद आला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला: डॅलसहून ‘फ्लॅश’, बहुधा अधिकृत. त्या घटकेलाही ‘बहुधा’ सुटला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मृत्यूची वेळ सांगितली: साधारण ३८ मिनिटांपूर्वी. पुढे आवंढा गिळून थांबले, ते क्षणभरच. लगेच उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन रुग्णालयातून निघाल्याची बातमी. लोकांना आठवतो तो आवंढा. मला त्याआधीचा धीर मोठा वाटतो.

सीबीएसमध्ये ते नुसते वाचणारे नव्हते. ‘मॅनेजिंग एडिटर’ हे पद त्यांनी मागून घेतलं होतं, म्हणजे कोणती बातमी जाणार आणि कोणती आधी, यात त्यांचा शब्द चाले. सप्टेंबर १९६३ मध्ये बुलेटिन पंधरा मिनिटांचं अर्ध्या तासाचं झालं, तेव्हा या अधिकाराचं वजन आणखी वाढलं. म्हणूनच फेब्रुवारी १९६८ मध्ये व्हिएतनाम पाहून आल्यावर ते बोलले, तेव्हा खळबळ उडाली. युद्ध कोंडीत अडकलंय, वाटाघाटींनीच बाहेर पडावं, असं त्यांनी सांगितलं, आणि हे माझं वैयक्तिक मत आहे, हेही सांगूनच. ‘क्रॉन्काइट हातचे गेले म्हणजे देश गेला’ अशा अर्थाचं, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांचं वाक्य यानंतर फार फिरलं. जॉन्सन त्या रात्री हा कार्यक्रम पाहत नव्हते, टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते. ज्या माणसाने जन्मभर शहानिशा केली, त्याच्याविषयीची सगळ्यात गाजलेली गोष्ट शहानिशेत टिकत नाही.

२२ जानेवारी १९७३ ला हेच जॉन्सन गेले. बातम्या चालू असतानाच जॉन्सन यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. कॅमेरा क्रॉन्काइट यांच्यावर आला, तेव्हा रिसीव्हर त्यांच्या कानाला होता. बोट वर करून त्यांनी प्रेक्षकांना थांबवलं आणि फोनवरचं ऐकत राहिले. आज एवढी शांतता पडद्यावर कोण खपवून घेईल? पुरतं ऐकून झाल्यावर मगच त्यांनी सांगितलं.

पुढच्या लेखांकात आपल्याकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे बातमी तयार करणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे होते, तरी घरोघरी ओळखीचे झाले ते वाचणारेच.